हात माझा तुझ्या गाली

पुणे,
९ सप्टेंबर २०२४

सावूताई,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. आपलं सगळं फोनवर चालायचं, आणि आता फोनवर तू नुसती हॅलो हॅलो करत बसशील. जूनमध्ये डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढलं. तुला वेदांतने नुसतं ‘घशाचं ऑपरेशन’ म्हणून सांगितलं, कारण मीच त्याला तसं सांगायला लावलं होतं. गळ्याला भोक आहे, श्वास तिथून जातो-येतो. बोलण्यासाठी पोराने पांढरी पाटी आणून दिली आहे. मी लिहिते, घरातले वाचतात, मी पुसते. पण पाटीवर कितीसं मावणार? म्हणून हे पत्र.

बाकी मी बरी आहे. काळजी करू नकोस.

परवा सोसायटीच्या गणपतीत मुलींनी नाच केला. गाणं कोणतं असणार? ‘बस गं बाय पाटावरी, हात माझा तुझ्या गाली.’ ‘गाली’च्या आधी तो हुंदका येतो ना, तिथे सगळ्या पोरींनी एकदम मान वळवली. नंतर सेक्रेटरी वर आले आणि म्हणाले, मॅडम, गळा गेला तरी तुमचा आवाज राहणार. आमच्या विद्याधररावांनी त्यांना चहा दिला. मी पाटीवर ‘आभारी आहे’ लिहिलं.

सदतीस वर्षं मी त्या गाण्यावर जगले. दुबई झाली, मस्कत झालं, टीव्हीवर परीक्षक म्हणून बसले, ‘हळदीची राणी’ म्हणवून घेतलं. आणि ते गाणं माझ्या आवाजात नाहीच, हे रेकॉर्डिंगची चार माणसं सोडली तर आजही फक्त आपल्या दोघींना ठाऊक आहे. ते तू गायलीस. त्या दिवशी खिडकी लावून घेतली मी, ताई. ऐकवेना.

तुझी,
वसू


वाघोली (वसई),
२१ सप्टेंबर २०२४

सौ. वसूस,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि वाडीत जाऊन रडले. लहानपणी तू इतकी बडबडायचीस की काकू वैतागून तुझ्या तोंडात चिंच कोंबायची. तुला गप्प करायला दुसरा उपाय नव्हता. आता देवाने हे काय केलं.

पोरांवर रागावू नकोस आणि पेज पीत जा. केळी पाठवली असती, पण जयवंत म्हणतो पुण्याला पोचेपर्यंत लगदा होईल.

इकडची बातमी म्हणजे आपल्या आर्याचं जमलं. जयवंत माझ्या दिराचा मुलगा आणि आर्या त्याची मुलगी, हे काही तुला सांगायला नको, पण ती पोर माझ्या मांडीवर वाढली. मुलगा बंगळूरला नोकरीला आहे. एक फेब्रुवारीला हळद, दोनला लग्न. तिच्या आईने, अक्षदाने, आतापासून याद्या करायला घेतल्यात. सासू व्हायची तिला इतकी घाई की विहीणबाईंना रोज फोन.

तुला म्हणून सांगते. चौदा महिन्यांचा संसार झाला आणि पानमळ्यात साप चावून हे गेले, तेव्हापासून कोणाच्या हळदीला मी मंडपात गेले नाही. कोणी नको म्हणत नाही. पाच सवाष्णींना नावाने बोलावतात, तेव्हा माझं नाव येत नाही, एवढंच. मी मागच्या पडवीत बसते. साउंडवाला कॉन्रॅड आपलं गाणं लावतो. आर्याच्या हळदीला तेवढं वाजलं की माझं सगळं झालं. त्या एका दिवसासाठी मी थांबले आहे.

सावूताई


पुणे,
४ ऑक्टोबर २०२४

सावूताई,

तुझं पत्र उशाशी ठेवलं आहे. त्यातल्या मागच्या पडवीने मला झोप येईना, म्हणून आज धीर करून लिहिते.

आठव. दादरचा तो स्टुडिओ. एकट्या मुलीला मुंबईला कसं पाठवायचं म्हणून तुला माझ्यासोबत धाडलं होतं. सात गाणी झाली आणि कॅसेट कंपनीच्या शेठना आठवं हवं होतं. तू वाडीत चाफा तोडताना गुणगुणायचीस ते मी सुचवलं. शब्द मला येत होते, चाल गळ्यात बसेना. शेवटी वादकांना चाल दाखवायला म्हणून तुला आत माइकसमोर उभं केलं. तू एकदाच गायलीस. भावोजींना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि ‘गाली’च्या आधी तुझा श्वास अडकला. रेकॉर्डिंगवाल्याने टेप चालूच ठेवली होती. तो म्हणाला, हेच ठेवू, असं पुन्हा होणार नाही.

पुढचं तुला ठाऊक नाही. शेठ म्हणाले, मग या बाईंचं नाव घालायला हवं. मी म्हणाले, ती विधवा आहे, हळदीच्या गाण्यावर तिचं नाव कोण खपवून घेईल? कव्हर माझ्या नावाचंच छापू. शेठनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मी तुला सांगितलं की कंपनीचा नियम आहे. तू काही बोलली नाहीस.

तो हुंदका मला कधीच जमला नाही, ताई. घरी तासन्‌तास घोटून घोटून त्याच्यासारखं काहीतरी बसवलं. मग टीव्हीवर पोरींना शिकवला आणि लोक त्याला ‘वसुंधराबाईंची जागा’ म्हणायला लागले.

एका वर्तमानपत्राच्या पुरवणीला माझी लेखी मुलाखत हवी आहे. मी खरं सांगणार आहे. तुझं नाव, तुझा आवाज, सगळं. मेल्यावर लोकांनी मला तुझ्या गाण्याने ओळखू नये. तुझ्या हो शिवाय देणार नाही. वाट बघते.

वसू


पुणे,
३ नोव्हेंबर २०२४

सावूताई,

महिना झाला, तुझं पत्र नाही. आधी वाटलं रागावलीस. मग तुझा स्वभाव आठवला. तुला नको असलं की तू भरभरून बोलतेस, नाना कारणं सांगतेस. हवं असलं की गप्प बसतेस. माझं निळं परकर-पोलकं मागितलंस तेव्हाही तोंडातून शब्द काढला नव्हतास, नुसती बघत उभी होतीस.

म्हणून मुलाखत दिली. येत्या रविवारी येईल. आपला जुना फोटोही दिला आहे, केळीच्या बागेतला, तुझ्या दोन वेण्यांचा. आर्याच्या हळदीला या वेळी सगळ्यांना माहीत असेल की कोण गातंय. तू मंडपात बसून ऐक.

इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

वसू


वाघोली,
४ नोव्हेंबर २०२४

सौ. वसूस,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं. आज पोस्टात टाकतेच.

मुलाखत देऊ नकोस.

तू शेठना काय म्हणालीस ते मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या कानाला हेडफोन होता आणि काचेपलीकडून आत बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. तुमचा शब्द न्‌ शब्द माझ्या कानात आला. दोन वर्षं तुझ्यावर राग होता. तू फराळ पाठवलास तो मी शेजारच्या रिटाला देऊन टाकला, आज सांगते.

मग नणंदेची हळद आली. मंडपात बायका गोळा झाल्या, मी मागे पडवीत वाल सोलत बसले होते. भोंग्यावर गाणं लागलं. एरवी माझी सावली चालत नव्हती, आणि त्याच बायका माझ्या आवाजावर डोलत होत्या, नणंदेच्या गालाला हळद लावत होत्या. माझा राग तिथेच संपला. त्या दिवसापासून वसईत जिथे हळद आहे तिथे मी आहे, असं मी धरून चालले. नाव नव्हतं म्हणून मला आत जाता आलं, वसू. नाव कळलं की काय होईल ते तुला पुण्यात बसून कळणार नाही. इथे तोंडावर कोणी बोलणार नाही, पण गाणं वाजणार नाही.

तुला मी केव्हाच माफ केलं आहे. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून माझं एवढं घेऊ नकोस. निदान आर्याचं लग्न होऊ दे.

सावूताई


पुणे,
९ नोव्हेंबर २०२४

ताई,

आजच तुझं पत्र आलं. वेदांतने पेपरच्या ऑफिसात फोन लावला, पण पुरवणी छापून बाहेर पडली होती. मी पाटीवर लिहीत राहिले, थांबवा, थांबवा, आणि तो म्हणत राहिला, आई, आता काही होणार नाही.

दुसऱ्यांदा मी तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला.

वसू


वाघोली,
२८ नोव्हेंबर २०२४

सौ. वसूस,

रडून खोकला वाढवून घेऊ नकोस. तुझ्या हातून वाईट हेतूने काही झालं नाही.

मुलाखत आली त्या आठवड्यात गावात माझा मोठा मान झाला. महिला मंडळाच्या बायका शाल आणि नारळ घेऊन आल्या. अक्षदाने पोहे केले. फोटो काढले. ज्या कधी ‘काकी, बऱ्या आहात का’ विचारत नव्हत्या, त्या माझ्या हातातला कप घेऊन ठेवत होत्या. शाल तपकिरी आहे, चांगली ऊबदार आहे.

परवा आमच्या आळीत उमंगची हळद होती. मी आमच्या ओटीवर बसून वाट बघत होते. सगळी गाणी लागली, आपलं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉन्रॅड वायरी गुंडाळून घराकडे आला आणि माझ्या पायाशी बसला. म्हणाला, “काकी, मना सांगलंय ते गानं लावू नको म्हनून. मी काय करू?” मी म्हटलं, बाबा, तुझा काय दोष. तो म्हणाला, आणखी दोन लग्नवाल्यांनीही यादीतून काढायला लावलं आहे. त्यांना माझ्याबद्दल आदरच आहे. फक्त शुभकार्यात उगाच कशाला, असं म्हणतात.

आर्याकडे काय होतं बघू. ते आपलं घर आहे.

सावूताई


पुणे,
१६ डिसेंबर २०२४

ताई,

मी जयवंताला लिहू का? अक्षदाच्या पाया पडते. स्वतः येऊन मंडपात उभी राहिले असते, पण डॉक्टर सोडत नाहीत. ‘बरी आहे’ लिहिलं होतं ते खोटं होतं. दुखणं फुप्फुसात उतरलं आहे. विद्याधरराव माझ्यासमोर हसतात आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसतात.

मला एवढंच कळव, आर्याच्या हळदीला गाणं लागलं. दुसरं काही मागत नाही.

वसू


वाघोली,
३ फेब्रुवारी २०२५

सौ. वसूस,

लग्न थाटात पार पडलं. आधी तेच सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. गाणं लागलं. परवा सकाळी दहाच्या सुमाराला आर्याला पाटावर बसवलं आणि कॉन्रॅडने पहिलंच ते लावलं. आवाज इतका मोठा की रिटाच्या अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. अक्षदाने मला हाताला धरून मंडपात नेलं, खुर्ची दिली, पंख्यासमोर. बायका म्हणाल्या, काकी, तुमचंच गाणं. विहीणबाईंनीही चौकशी केली. फार साध्या आहेत, मधुमेह आहे त्यांना. आर्या पिवळ्या साडीत अशी दिसत होती की नजर ठरेना. हुंदक्याच्या जागी तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. जेवणात वालाचं बिरडं होतं, मी केलेलं, जिलबी होती, मठ्ठा जरा आंबट झाला होता. सोनचाफ्याच्या वेण्या आपल्या वाडीतल्याच. दुपारी पुन्हा एकदा गाणं लावलं, पोरी नाचल्या, जयवंतसुद्धा नाचला, आणि त्याला नाचता येत नाही हे सगळ्या गावाने बघितलं.

तेव्हा आता मनात काही ठेवू नकोस. तुझ्यामुळे माझं नाव झालं आणि गाणंही राहिलं. औषध वेळेवर घे. ऊन वाढायच्या आत मी जयवंताला घेऊन तुला भेटायला येते.

तुझी,
सावूताई


बंगळूर,
१० मार्च २०२५

प्रिय आजी,

फोनवर तू विषय बदलतेस म्हणून तुझ्याच पद्धतीने लिहितेय. मराठीत एवढं लांब शाळेनंतर पहिल्यांदाच. चुका काढू नकोस.

वसूआजी गेली हे पप्पांनी सांगितलं. तू पुण्याला गेली होतीस, तिथे तू गायलीस म्हणे. पप्पा सांगताना रडायला लागले आणि फोन ठेवला.

मला एक खरं सांग. माझ्या हळदीला ते गाणं का लागलं नाही? मला वाटलं शेवटी लावतील. मग मी मम्मीला विचारलं तर ती म्हणाली, सिस्टिममध्ये प्रॉब्लेम होता. मी मागे पडवीत तुझ्याकडे आले, तर तू म्हणालीस, विसरले असतील, जा, पाहुणे खोळंबलेत. आजी, कॉन्रॅड विसरणार नाही. वसूआजीची ती मुलाखत मी तेव्हा वाचली होती आणि मित्रमैत्रिणींना अभिमानाने पाठवली होती. त्या दिवशी मीच उठून का नाही लावलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

तुझी,
आर्या


वाघोली,
१९ मार्च २०२५

चि. आर्यास,

चुका आहेत, पण दोनच.

तुझ्या आईवर रागावू नकोस. तिला भीती वाटली. विधवेच्या तोंडचं गाणं, आणि एकुलती एक लेक. तिने आदल्या दिवशी मला येऊन विचारलं, काकी, नाही लावलं तर चालेल का? मी गप्प बसले. ती समजली, चालेल. माझ्या गप्प बसण्याने माझं फार नुकसान झालं आहे, बाय. तेवढं माझ्याकडून शिकू नकोस.

वसूला मी खोटं लिहिलं. गाणं लागलं, मी मंडपात होते, तू हसलीस, सगळं खोटं. बिरडं तेवढं खरं. ती त्या आशेवर तग धरून होती, तिला दुसरं काय लिहिणार होते? ते पत्र पोचलं, वेदांतने वाचून दाखवलं, आणि तीन आठवड्यांनी ती गेली.

आम्ही पोचलो तेव्हा तिला आंघोळ घालून हिरवं नेसवलं होतं. विद्याधरराव आहेत, ती सवाष्ण गेली, तेव्हा हळद लावायची होती. त्या इमारतीतल्या बायका चांगल्या घरच्या, पण कोणाला रीत माहीत नव्हती. वाटीत हळद कालवून उभ्या होत्या, पुढे होईना कोणी. मी सवयीने भिंतीला जाऊन टेकले. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, घरातली कोणी सवाष्ण नाही का? तेव्हा वेदांतने तिची पांढरी पाटी आणून माझ्यासमोर धरली. शेवटचं लिहिलेलं त्याने पुसलं नव्हतं. अक्षर वाकडं होतं, ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. लिहिलं होतं:

‘ताईने एवढं लांब पत्र कधी लिहिलं नाही. गाणं लागलं नाही. मला हळद तीच लावेल. गाऊ दे तिला.’

तिला कळलं होतं, आर्या. कोंबड्या आणि मठ्ठा लिहीत बसले तिथेच मी पकडले गेले. मला नको असलं की मी बोलते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. मरताना तिच्या मनावर ते ओझं नको म्हणून मी खोटं लिहिलं, आणि ती ते ओझं घेऊनच गेली. याचं दुःख मला शेवटपर्यंत राहील.

मी वाटी घेतली. अडतीस वर्षांत माझ्या बोटांना दुसऱ्याच्या गालासाठी हळद लागली नव्हती. तिचा गाल गार होता. मी गायले. आवाज आता कसला राहिला आहे, पण ‘गाली’च्या आधी श्वास त्याच जागी अडकला. वेदांत माझ्याकडे बघत राहिला. जन्मभर तो ज्या आवाजाला आईचा म्हणत आला, तो त्याने पहिल्यांदा समोर बघितला. मला तिथे कोणी अडवलं नाही. मयताला कोण अडवतं?

आता तुझं. त्या दिवशी तू पडवीत आलीस, पिवळीधमक, कपाळावरून हळद ओघळत होती, आणि खाली वाकलीस. माझा हात उचलला गेला होता. तू पाहिलंस की नाही, ठाऊक नाही. तिथे आपण दोघीच होतो, बघायलाही कोणी नव्हतं. तरी मी तो हात पदराला पुसला आणि तुला जा म्हटलं. म्हणजे इतकी वर्षं इतरांनी अडवलं, आणि त्या दिवशी मला मीच अडवलं. तुझ्या आईला काय बोलू मग.

लग्नाची हळद परत लागत नाही, मला कळतं. पण अक्षयतृतीयेला तुम्ही दोघं येणार आहात. चाफा तेव्हा भरात असतो. मी पाट मागे नाही, पुढे ओटीवर मांडणार आहे, सकाळी, लोक येता-जाता असतात तेव्हा. कॉन्रॅडला सांगितलं आहे, साउंड आणायचा नाही, मी आहे. या वेळी कोणाला विचारणार नाही आणि गप्पही बसणार नाही. तू फक्त येऊन बस.

तुझी,
आजी